व्हय म्हाराजा

ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं.
"भीती नेमकी कशाची वाटते?"
मी म्हटलं, पित्त असेल.
बांगड्याची जाळी ओढणारे हात
मांडीखाली दाबून बसलो.
छातीत नांगर सुटलेली होडी आहे,
वारा नाही, लाट नाही, तरी हलते,
एवढं सांगायला तोंड उघडेना.
त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.
मग लिहिलं: अर्धी गोळी, रात्री.

निवतीला कौल लावला. उजवी कळी पडली.
गावकार उभा राहिला आणि भर देवळात,
पोरीचे मास्तर समोर असताना,
"ह्या लेकराच्या काळजाक
जो काय थरकाप लागलो हा,
तो भायल्याभायर काढून टाक रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
माझे पैसे बुडवलेला सदू मेथरसुद्धा ओरडला.
लागलो हा.
म्हणजे वाटेत कुठेतरी लागला,
चिखल लागतो तसा.
लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

नारळ दिला. गोळी चालू आहे.
तरी पहाटे तीनला,
ट्रॉलरची इंजिनं सुरू व्हायच्या आधी,
"हलली गो," मी पुटपुटतो.
रजनी कूस न बदलता,
अर्धवट झोपेत,
"व्हय म्हाराजा."