चौकटीबाहेरची बादली

घोडी विकायची तर आधी फोटो पाठवा,
बिश्केकचा माणूस फोनवर म्हणाला.
जेनिशचा गुडघा सुजलेला, म्हणून फोन माझ्या हातात आला.
सोन-कुलच्या काठी, उन्हाळी कुरणावर,
भर दुपारी बारा वाजता
मी आयुष्यातला पहिला फोटो काढला.

मागे तळं चकाकत होतं,
पुढे आमची कुमेत घोडी कोळशासारखी काळी.
तिच्या दोन कानांमधून
तंबूचा खांब उगवलेला,
आणि पाण्याची रेघ अशी कलती
की आता सांडेल सगळं तळं, थेट नारीनपर्यंत.

माणसानं विचारलं, हे गाढव आहे का?

एल्दियार पोट धरून हसला.
शेजारच्या तंबूतला पोरगा, सतराचा,
सुट्टीत बापाची मेंढरं राखतो
आणि मेंढरांपेक्षा उजेडावर जास्त लक्ष ठेवतो.
"एजे, सूर्य तुमच्या मागून यायला हवा.
अगदी पाठीशी नको, मग तुमचीच सावली पडते तिच्या पोटावर,
ही बघा, टोपीसकट.
खांद्यावरून येऊ द्या त्याला, जरा तिरका,
पाहुणा वाकून तंबूत शिरतो तसा.
आणि बारा ते चार फोन खिशात.
तेव्हाचं ऊन वरून धोंड्यासारखं पडतं."

मी म्हटलं, बाळा,
घोड्यांचं दूध काढायचं दर दोन तासांनी.
तुझं ऊन कोणत्या दोन तासांत बसवू?

तरी शिकले.
उभ्यानं काढला तर पाय आखूड येतात;
गवतात गुडघे टेकले की घोडी पुन्हा घोडीएवढी होते.
ती डावीकडे बघत असेल तर डावीकडे कुरण सोडायचं,
नाकापुढे वाट राहू द्यायची,
नाहीतर भिंतीला धडकल्यासारखी दिसते बिचारी.
सूर्यावर पातळ ढग आला,
पांढऱ्या लोकरीचा नमदा अंथरल्यासारखा,
की हातातलं टाकून धावायचं.
एकदा दूध उतू गेलं त्यापायी.
जेनिश काही बोलला नाही, गुडघा चोळत राहिला.

"कडा झाडून घ्या," एल्दियार म्हणाला,
"घर झाडता तशा. कोपऱ्यांपासून."

म्हणून झाडलं.
आधी बादली गेली, निळी, बुडाला पोचा पडलेली.
मग कुत्रा.
मग दोरीवर वाळणारी जेनिशची गुडघ्याची पट्टी.
नूरिला लगाम धरून उभी होती,
तिला म्हटलं, सरक, अजून सरक,
शेवटी फक्त हात उरला.
तोही गेला.

संध्याकाळचे आठ.
ऊन गवताच्या टोकांना टेकलेलं,
आणि घोडी उजळली,
चहाचा पेला उजेडात धरावा तशी,
आयाळीचा केस न केस वेगळा.
पाण्याची रेघ सरळ. मागे काही नाही, पुढे वाट.
मी श्वास धरला, बोट दाबलं.
एल्दियारनं बघितलं आणि या वेळी हसला नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला.
माणसानं घासाघीस केली नाही.
मागच्या फळीवर चढताना
तिनं एकदाच मान वळवली, कुत्र्याकडे.

तो फोटो आता त्याच्याही फोनमध्ये असेल.
माझ्याकडे बाकीचे एक्केचाळीस आहेत.
"पुसून टाका," एल्दियार म्हणतो, "जागा अडते."
बादली आहे त्यांत. हात आहे.
बाराच्या उन्हात चांगभलं काळवंडलेलं एक थोबाड आहे,
ते गवत चावतंय की जांभई देतंय, आजही सांगता येत नाही.
एकात माझी सावली तिच्या पोटावर,
टोपी घालून, कुणी रेलून बसावं तशी.

रात्री जेनिश फोन मागतो.
नेहमी पहिलाच फोटो काढतो शोधून,
आणि मान कलती करून बघत बसतो,
तळं सांडू नये म्हणून.