भुतांना डोळे काढताना

खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी,
वर काचेचं भांडं, त्यात पांढरं चॉकलेट.
पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं कुजबुजू द्यायचं.
पाकिटावर लिहिलंय : सोपं आहे, लहान मुलंही करतील.
लिहिणाऱ्यानं माझी बोटं पाहिलेली नाहीत.

पहिलं भांडं रुसलं.
चमच्याला कुठेतरी एक थेंब पाणी राहिलं होतं,
एक थेंब! आणि रेशमासारखं वाहणारं चॉकलेट
ओल्या वाळूसारखं गोळा होऊन बसलं.
सत्तावीस वर्षं मी शाळेची नऊ नंबरची बस चालवली.
मागच्या सीटवर एकानं काहीतरी पुटपुटावं
आणि पुढच्या दोन मैलांत अख्खी बस बिथरावी,
हे मला नवं नाही.
भांडं बाजूला सारलं. दुसरं घेतलं. कोरडं पुसलं.

मार्शमॅलोत काडी खुपसली की तो उसासा टाकतो.
बुडवायचा, उचलायचा, थांबायचं,
जास्तीचं थेंब थेंब परत जाऊ द्यायचं.
घाई केली तर खाली चॉकलेटचं डबकं साचतं,
भुताला बूट येतात.
माझ्या निम्म्या भुतांना बूट आहेत.
असू देत. सुपीरिअर सरोवराच्या या काठाला
ऑक्टोबर संपता संपता घोटाभर बर्फ असतो,
इथल्या भुतांना बूट लागतातच.
चेटकिणी जाकिटावर झगा चढवतात,
सांगाडेसुद्धा चांगले गुबगुबीत असतात.

डोळे मात्र अवघड.
काळ्या चॉकलेटात टूथपिक बुडवून दोन ठिपके,
एवढंच; पण हात थरथरतो, एक डोळा कपाळावर जातो.
हे तिरळं. हे झोपेतून उठवल्यासारखं.
हे तर थेट हेइक्किलांची धाकटी,
जिला रोज सकाळी जुन्या तांब्याच्या खाणीच्या वळणावर
उलटी व्हायची.
त्रेचाळीस केली.
बसमध्ये तेवढ्याच जागा होत्या.

अंधारू लागलं तशी दारावरची घंटा वाजू लागली.
मी ट्रे पुढे केला.
एका छोट्या ड्रॅगननं हात उचलला
आणि मागून आईचा आवाज, अगदी गोड :
"नको रे सोन्या, घरी केलेलं आहे. बंद पाकिटातलंच घ्यायचं."
मग माझ्याकडे बघून, "राग नका मानू हं."
राग कसला. मीच तर
वर्षानुवर्षं आरशात बघून ओरडायचे,
कुणी काही दिलं तर तोंडात टाकू नका.
माझंच बोलणं माझ्या दारात उभं होतं,
टोपी घालून, शहाण्यासारखं.
आतून दुकानातल्या टॉफ्या आणल्या.
हो, होत्या. असाव्यात म्हणून आणलेल्या.
ड्रॅगननं जाताना दोनदा वळून ट्रेकडे पाहिलं.

नऊनंतर कुणी येत नाही.
रुसलेल्या भांड्यात मी गरम दूध ओतलं.
थेंबाला बिचकलेलं
पेलाभर ओतल्यावर निमूट विरघळलं.
तेच पीत बसले होते,
तर खिडकीवरून पिवळा उजेड फिरला.
बर्फ ढकलणारा ट्रक दारातच थांबला
आणि इंजिन चालू ठेवून
केशरी जाकिटातला एक दांडगा बाप्या पायऱ्या चढून आला.
"मिसेस कोस्केला, मी ड्वेन. ड्वेन लुओमा.
मागून तिसरी सीट, डावीकडची खिडकी."
दाढीआडची हनुवटी ओळखायला जरा वेळ लागला.
"सोंग कसलं घेतलंयस?"
"बर्फवाल्याचं."

डबा भरू लागले तर म्हणाला, एक आत्ताच.
हातमोज्यानंच काडी धरली, डोक्यापासून सुरुवात केली.
कवच कट्‌कन मोडलं.
"यातलं एक भूत तिरळं आहे," तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.
"तो तूच," मी म्हटलं.

डबा मांडीवर घेऊन तो ट्रकमध्ये बसला.
पायरीवरून मी ओरडले, सवयीनं :
"चालत्या गाडीत खायचं नाही!"
त्यानं हॉर्न वाजवला.
खाणीच्या वळणावर ब्रेकचे लाल दिवे लागले
आणि बराच वेळ
लागलेलेच राहिले.