नऊ सेंटिमीटर

पाकिटावर वनरक्षक तुळाजी भालचिम यांचं अक्षर:
नर. अंदाजे पाच वर्षं. नाशिक रस्ता, पहाटे, वाहनाची धडक.
वरचा उजवा सुळा तुटलेला. जखम जुनी.
आत मिशीचा एक केस,
पांढरा, ताठ, मुळाशी जरा जाड.

पाषाणच्या या खोलीत वास येतो क्लोरोफॉर्मचा
आणि कणसे मॅडमच्या डब्यातल्या लसणीच्या चटणीचा.
डबे आत आणू नयेत,
हे दारावर त्यांनीच लिहिलंय.

केस धुतला, वाळवला, काचेवर आडवा ठेवून
तीन तीन मिलिमीटरचे तीस तुकडे केले.
टोक जुनं, मूळ नवं.
दिवसाला अर्धा मिलिमीटर वाढ धरली
तर एका तुकड्यात सहा दिवस.
सहा दिवसांचा बिबट्या मी चिमट्यानं उचलते,
टिनच्या इवल्या डबीत घालते,
डबी चेपून गोळी करते,
ज्वारीच्या दाण्याहून लहान.

हजार अंशांवर गोळी पेटते.
धूर हेलियमच्या पाठीवर बसून चुंबकापाशी येतो.
हलका कार्बन चटकन वळतो,
जड कार्बन मोठं वळण घेतो,
उसाची भरलेली ट्रॉली घेते तसं.

टोकाकडचे दहा तुकडे जंगलाचे.
झाडपाला खाणारं काहीतरी, भेकर असेल, वानर असेल.
मग आकडे चढायला लागतात.
लोक म्हणतात, उसात राहतो.
राहतो, पण ऊस खात नाही.
वस्तीवर बाजरीची शिळी भाकरी कुत्र्यापुढे पडते,
कुत्रा रात्री अंगणाबाहेर झोपतो,
आणि बाजरी बिबट्याच्या मिशीत येते.
कुणाच्या तरी चुलीवरची, कुणीतरी थापलेली.

शेवटचे पाच तुकडे मी दोनदा तपासले.
कार्बन जागेवर, नायट्रोजन मात्र वर, अजून वर.
मॅडम चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
बाहेरून काही मिळेनासं झालं
की देह स्वतःलाच खायला घेतो.
महिनाभर खात होता.
मी सुळ्याबद्दलची ओळ पुन्हा वाचली.

ट्रेमध्ये जागा उरल्या होत्या.
मॅडम बँकेत गेल्या होत्या.
मी वेणीतला एक केस मुळापासून उपटला,
छत्तीस सेंटिमीटर, पुण्यातली तीन वर्षं,
आणि त्याच्याही पुढे चार बोटं.

सकाळी आलेख बघितला.
माझ्या वेणीच्या टोकाला अजून मंगळवेढं आहे.
काळ्या रानातली ज्वारी, दोन्ही वेळा.
मग एकदम घसरण: मेसची चपाती, मेसची चपाती, मेसची चपाती.
एवढं मला ठाऊक होतं.

पण दुसऱ्या वर्षाच्या थंडीत, दीड सेंटिमीटरभर,
नायट्रोजनची रेघ तशीच वर गेलेली.
माझा कुठलाही दात तुटला नव्हता.
फेलोशिप थकली होती, खोलीचं भाडं थकलं होतं,
बाणेरहून मी चालत यायचे,
आणि रोज रात्री नऊला फोनवर सांगायचे,
हो, जेवले. वरणभात, भाजी. हो, पोटभर.

मला वाटायचं, ते महिने फक्त मलाच माहीत आहेत.
ते पाठीवर लोंबत होते.
दर रविवारी मी त्यांना तेल लावत होते.

मॅडमनी आलेख पाहिला. नमुना क्रमांक एकतीस.
हा कुठला प्राणी, असं विचारलं नाही.
डबा उघडून टेबलावर मध्ये सरकवला,
दारावरच्या पाटीच्या आत, यंत्रापासून चार फुटांवर.

तेवढ्यात फोन वाजला. नऊ नव्हते वाजले, दुपार होती,
आईला उगाच आठवण आली होती.
जेवलीस का गं?
थांब, म्हटलं,
भाकरी मोडतेय.