चार मिलिमीटर

लोहचुंबक घेऊन आधी फिरलो गाडीभर.
बोनेटला चिकटलं, छताला चिकटलं,
डाव्या दाराखाली लावलं
तर टप्पकन फरशीवर पडलं.
तिथे पत्रा नव्हताच. लांबी होती,
बोटभर जाडीची, वर हिरवा रंग.

भोरच्या एका पोल्ट्रीतून आणलेली हेराल्ड,
सहासष्टची.
मागच्या सीटच्या शिवणीत अजून पिसं.
हेमांगी म्हणाली, आणलीस ती आणलीस,
माझ्या स्कूटरची जागा सोडून ठेव.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या कामाला गेज लावला.
केसाच्या फरकावर लॉटच्या लॉट परत पाठवले.
मला वाटलं, हा तर नुसता पत्रा.

छिन्नीनं लांबी उडवली.
आत डांबर, डांबरात रद्दी,
रद्दीत कुणाच्या तरी लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण,
अर्धंच, मुलीचं नाव गंजानं खाल्लेलं,
आणि एक तपकिरी बटण.
माझ्याआधी कुणीतरी कंटाळून
हे भोक बुजवलं होतं.
त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, ग्राइंडर लावला,
अख्खी पट्टी कापून काढली एका दुपारी,
जोशात,
आतून आधार न देता.

इलाही मिस्त्री आला नाना पेठेतून,
गॅसची टाकी रिक्षात आडवी झोपवून.
काही न बोलता त्यानं दार लावून पाहिलं.
लागेना.
उचलून लावलं. गुडघ्यानं रेटून लावलं.
"साहेब, गाडी बसली."
बसली म्हणजे?
"मधे वाकली. बाजेचा एक गात काढला
तर बाज कशी बसंल, तशी."
मी पट्टी धरली. चार मिलिमीटर.
याहून कितीतरी कमीवर
मी एका पोराची बढती अडवली होती.
त्याचं नाव आठवायला दोन दिवस लागले.
टिळेकर.

सोसायटीच्या फळ्यावर सबनीसांचं अक्षर:
पार्किंग म्हणजे कार्यशाळा नव्हे.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं:
संग्रहालयही नव्हे.

तांबट आळीत करड्यांच्या ओट्यावर महिनाभर बसलो.
"हातोडी मारायची नसते हो, सोडायची.
पडायचं कसं ते तिला ठाऊक असतं."
त्यांच्या घंगाळावर ठोक्याला ठोका लागून,
माझ्या मडगार्डावर देवीचे व्रण.
जास्त ठोकला की पत्रा ताणतो,
ताणला की फुगतो,
मग तेलाच्या डब्याच्या बुडासारखा
अंगठ्याखाली टुबुक आत, टुबुक बाहेर,
दिवसभर चिडवत राहतो.
त्याला तापवायचं, ओलं फडकं दाबायचं, थांबायचं.
थांबणं माझ्या कामात कधी नव्हतं.
आषाढात एकदा प्रायमर उद्यावर टाकला
तर घासून चकचकीत केलेला पत्रा
सकाळी सबंध तांबूस,
रात्रभर कुणी हळदकुंकू शिंपडल्यासारखा.
पुन्हा ऐंशी नंबरचा कागद.
पुन्हा बोटांना ठसे नाहीत,
बँकेत यंत्र मला ओळखेना.

काल संध्याकाळी दोन जॅक, एक लोखंडी अँगल,
बिजागरीत लाकडाचा ठोकळा
आणि इलाहीचा खांदा.
दार लागलं.
जाड हजेरीपट मिटावा तसा आवाज.
फटीत वर एक रुपया जातो,
खाली दोन, एकावर एक.
इलाही माझ्या तोंडाकडे बघत होता,
गेज माझ्या खिशात होता.
खडू घेतला आणि दारावर लिहिलं
जे एकतीस वर्षांत
एकाही कार्डावर लिहिलं नव्हतं:
चालेल.

मागे वळून पाहतो तर इलाही
उजव्या बाजूला उकिडवा बसलेला,
लोहचुंबक दाराखाली लावत.

टप्पकन.