सुटी टोकं

विट्यात मायणी रोडला माझं दुकान, पत्र्याचं.
टांगलेल्या टायरवर पांढऱ्या रंगात: डायनॅमो, स्टार्टर, वायरिंग.
मार्चच्या उन्हात रंगराव शितोळ्यांनी
ती जुनी मॅटाडोर दारात आणून उभी केली,
म्हणाले, निसार, हिच्यात घर करायचंय.

पूर्वी ती फिरता डोळ्यांचा दवाखाना होती.
मग कुणा हौशानं आत पलंग ठोकला,
सिंक बसवलं, आणि अर्ध्यातच हौस फिटली.
प्लाय उचकटला तर मागं
वायरींचं हे एवढं जंजाळ.
लाल, तपकिरी, एक पिवळी, विटून पांढरी झालेली.
कुठून येत नाहीत, कुठं जात नाहीत,
टोकांना काळी टेप, टेपवर उंदराचे दात.

मी मनात हिशेब केला. पोटाचा धंदा.
म्हटलं, सगळं ओढून काढतो,
तांबं चारेक किलो भरेल, मोडीत घालू,
नवी वायर टाकू, सुटसुटीत.

रंगराव हसले.
चाळीस वर्षं कोइमतूरला गलाई केली या माणसानं.
कुणाच्या बांगड्या, कुणाची नाव कोरलेली अंगठी,
एकेकटी राहिलेली कर्णफुलं, सगळं मुशीत.
‘आधी नाव वितळतंय बघ, मग सोनं.
आता वितळवणं पुरं झालं गा.
हाय ती तार हाय तिथं चालती का, तेवढं बघ.’

मग बसलो टेस्ट लॅम्प घेऊन.
पुढून एकेका टोकाला बॅटरी द्यायची,
मागं शालनकाकूंच्या हातात दिवा.
आली का?
न्हाय.
आता?
न्हाय रे. थांब, थांब. आली!
असे तीन दिवस. माझा घसा बसला.

जाड लाल निघाली औषधांच्या फ्रीजची.
तिच्यावर पंखा दिला आणि पाण्याचा पंप. फ्यूज नवा.
तपकिरी जोडी अक्षरांच्या तक्त्यामागच्या दिव्याची,
भिंतीवर तक्त्याचा चौकोन अजून उजळ आहे.
तिथंच काकूंनी शेगडी मांडली.
जिथं माणसं ‘म’ का ‘भ’ म्हणून अडली असतील
तिथं आता तांदळातला खडा दिसतो.

पिवळीचं मात्र कळेना.
दोऱ्याएवढी बारीक, मागच्या भिंतीपासून थेट स्टिअरिंगपर्यंत.
भार टाकला तर जळून जाईल.
कापणारच होतो, तेवढ्यात दिसली
दोन स्क्रूची भोकं आणि भोवती बोटांचा मळ.
बेल.
आत डॉक्टर दाबत असणार,
पुढं कुणीतरी पुढचं नाव पुकारत असणार.

घंटी लावू का, विचारलं.
काकू दाराशी आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या,
‘घंटीचा काय उपेग?
भट्टीचा पंखा ह्यांच्या उजव्या कानाशी चाळीस वर्षं.
डावाबी आता तसाच.
आधी हाका मारायची मी. मग सोडून दिलं.’

मी गल्ल्याखालचा खोका उपसला.
मोडीतल्या एका स्कूटरचा इंडिकेटरचा बल्ब,
वर शाईच्या दौतीचं हिरवं टोपण भोक पाडून,
डॅशबोर्डवर, बरोबर नजरेसमोर.
आणि मागं पलंगाशी एक बटण.

बिलात बल्ब लिहिला, बटण लिहिलं, मजुरी लिहिली.
पिवळ्या तारेचं काय लिहिणार?
ती त्यांचीच होती.

उद्या निघायचं, आधी कोइमतूर, जुन्या शेजाऱ्यांकडं.
रंगराव पुढं बसून आरसा जुळवत होते.
दिवा लागला.
ते वळले. ‘काय गं?’
‘काय न्हाय.’
पुन्हा आरशाला हात घातला. पुन्हा लागला.
‘काय?’
‘काय न्हाय, म्हटलं की.’
तिसऱ्यांदा लागला तेव्हा ते वळलेच नाहीत,
नुसते त्या हिरव्या ठिपक्याकडं बघत राहिले.

मी खालून ओरडलो, काकू, बॅटरी उतरेल.
उतरत नाही.
एवढ्याशा दिव्यानं काय उतरतंय.