पाचशे बारा

एर्देनेतला बाहेर उणे एकतीस.
खिडकीला आतून बर्फाची साय धरलेली,
आणि लॅबमध्ये चाळीस काळे पडदे,
प्रत्येकावर तीच पांढरी पट्टी
मुंगीच्या पावलानं.
सोमवारी परीक्षा. आज शनिवार, रात्रीचे नऊ.

"बाई, ही खरंच पुढे जाते,
की बघून बघून आपल्याला तसं वाटतं?"
सोलोंगो, अकरावीतली, घरी जा म्हटलं तरी न गेलेली.
मी पट्टीच्या टोकापुढे बोटभर अंतरावर
चिकटपट्टीचा तुकडा लावला.
दोघींचा चहा संपला.
पट्टी तुकड्याच्या अलीकडेच.

या गावाच्या पोटातून तांबं निघतं.
त्यातलं चिमूटभर आमच्याही भिंतीत असेल,
म्हणून आधी मी तांब्यावरच संशय घेतला.
केबल बदलल्या. स्विच बदलला.
सर्व्हरची डिस्क तपासली, ती निवांत होती,
अर्ध्याहून जास्त वेळ नुसती बसून.
शेवटी एकोणचाळीस यंत्रं बंद केली
आणि एकाच यंत्राला, दोन मीटरच्या तारेनं,
थेट सर्व्हरच्या मांडीवर नेऊन बसवलं.

एकटं असूनही ते तसंच रेंगाळलं.

म्हणजे गर्दीचा दोष नव्हता.
म्हणजे दोष बोलण्यातच.

मग तारेला कान लावला.
सर्व्हर एक तुकडा देतो, पाचशे बारा बाइटचा.
थांबतो.
मिळाला.
दुसरा देतो. थांबतो.
मिळाला.
असे आठ लाख तुकडे,
आठ लाख वेळा हात आवरून समोरच्याच्या तोंडाकडे बघणं.
"अशानं कोकरू उपाशी मरेल," सोलोंगो म्हणाली.
तिच्या घरी वसंतात बाटलीनं पाजतात.

सेटिंगच्या फाइलीत ती ओळ सापडली,
आणि तिच्या डोक्यावर एक टीप:
मोठा घास यांच्या घशात अडकतो. वाढवू नका.
– दाशन्याम

दाशन्यामगुरुजी आता बुलगानकडे, घोड्यांत.
फोन तंबूत एकाच जागी लागतो, म्हणून तिथेच टांगलेला.
मी बोलायचे, मग शांतता, मग त्यांचा आवाज,
मग पुन्हा दोघंही एकदम, मग दोघंही गप्प.
"ती खाणीच्या ऑफिसातून आलेली, करडी.
मोठा तुकडा आला की मान टाकायची.
पाचशे बाराला खायची. हळू, पण खायची.
आहेत का अजून?"
"नाहीत. आठ वर्षं झाली भंगारात जाऊन."
इतका वेळ काहीच नाही,
मला वाटलं लाइन गेली.
मागे कुत्रं भुंकलं, म्हणजे होती.
"मग वाढव की," ते म्हणाले. "मला काय विचारतेस?"

चौदाशे छप्पन्न लिहिलं.
सेवा बंद केली, पुन्हा सुरू केली.
पट्टीनं चिकटपट्टी ओलांडली तेव्हा
सोलोंगो टाळी वाजवायला गेली, अर्ध्यात थांबली,
जणू आवाजानं ती बिचकेल.
अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत.
मग दहा-दहाच्या पंगती बसवल्या.

सतराव्या यंत्रानं मान टाकली.

पुन्हा लावलं. पुन्हा टाकली.
झाकण उघडलं: खोकं नवं,
आतलं कार्ड जुनं, करड्या धुळीचं,
कुणी कधी काढून इथे बसवलं देव जाणे.
कदाचित त्यांनीच. कदाचित मीच,
पहिल्या वर्षी, घाईत, जे हाताला लागलं ते.
नवं कार्ड कपाटात नव्हतं. सोमवारच्या आत येणारही नव्हतं.

टीप खोडली नाही.
"यांच्या" खोडून "सतराच्या" केलं,
आणि त्या एकट्यासाठी वेगळी ओळ लिहिली,
पाचशे बारा.

साडेअकरा. बाकीची एकोणचाळीस
आपापली नावं विचारत उभी.
सोलोंगोच्या वडिलांची गाडी खाली आली,
इंजिन बंद करत नाहीत, गोठतं.
"तुम्ही?"
"येते. याचं होऊ दे."
ती जिन्यापर्यंत गेली, परत आली,
थर्मासमधला उरलेला चहा माझ्या कपात ओतला
आणि सतराच्या पडद्यावर
नवी चिकटपट्टी लावून गेली,
या वेळी अगदी जवळ.