तिसऱ्या गटाचं इतिवृत्त

बैठक सुगावारा बाईंच्या घरी. उपस्थिती सात.
बर्फ गुडघाभर, म्हणून दोघी उशिरा आल्या,
त्यातली एक खराटा घेऊनच,
दारातला बर्फ झाडल्याशिवाय आत येईना.
हे इतिवृत्तात नाही. तिथे मी फक्त आकडे लिहिते.

कामिझावाचं रुग्णालय आमचं आहे.
म्हणजे हजार येनचा एक वाटा, असे माझे अकरा,
आणि छप्पर गळलं त्या वर्षी घातलेला बारावा.
पण वाट्यानं मालकी येते, तब्येत येत नाही,
म्हणून महिन्यातून एकदा
कोतात्सुच्या गोधडीत पाय खुपसून
आम्ही एकमेकांच्या दंडाला पट्टा बांधतो.
डॉक्टर नसतो. मिझुहो नावाची परिचारिका असते,
चोवीस वर्षांची, बहुतेक वेळ गप्प;
तिला तसंच शिकवलंय, सभासदांनाच वाचू द्या.
चष्मा एकच. तो फिरतो.

मग सूप.
ज्यानं त्यानं सकाळचं मिसो सूप थर्मासमधून आणायचं
आणि मीठमापकाचं टोक त्यात बुडवायचं.
या डोंगरातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या
मुळ्याला धुरी दिली, मिठात गाडला,
आणि पन्नाशीतच आडवे झाले.
माझे वडील उंबऱ्यात, हातात फावडं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आम्ही ते मोजतो, आणि मोठ्यानं वाचतो.

तोयोको : एक पूर्णांक चार. हशा.
"सुनेनं केलंय," ती म्हणते. सून गेलं वर्षभर सेंदाईला आहे.
मी : शून्य पूर्णांक नऊ.
निघताना पाणी घातलं होतं. हे इथेच कबूल करते.

शेवटी ओनोदेरा.
भातकापणीनंतर त्यांची बायको गेली.
गटात ती यायची. आता हे येतात, तिच्याच पत्रिकेवर,
नाव न खोडता.
थर्मास लख्ख पुसलेला.
टोक बुडवलं.
शून्य.
मिझुहोनं यंत्र झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं.
शून्य.
वाफ येत होती. वास येत नव्हता.

कुणीतरी म्हणालं, "वा, सगळ्यांत उत्तम!"
आणि ते वाक्य टेबलावर सांडल्यासारखं पडून राहिलं,
पुसायला कुणी फडकं शोधेना.
ओनोदेरा म्हणाले,
"काहीतरी आणायचं असतं ना. गरम पाणी आणलं."

रकान्यात मी ०.० लिहिलं.
कार्यालयात ते हिरव्या शाईत जाईल.
वर्षाच्या अहवालात आमचा गट वर चढेल
एका न पेटलेल्या शेगडीवर पाय देऊन.

बैठक संपताना एक गुलाबी चिठ्ठी भरायची असते :
रुग्णालयाला काय सांगायचंय?
बसथांब्यावर बाक आम्हीच मागितला होता, मिळाला.
न्हाणीघरातल्या नळाला मोठी मूठ,
चार वर्षं विचाराधीन.
त्या दिवशी मी पेन उघडून बसले, कुणी बोलेना.
मग तोयोको, जिच्या सुपाला सगळे हसले होते :
"लिही. शून्य म्हणजे चांगलं नव्हे.
शून्याला वेगळा रकाना पाहिजे."
मिझुहोनं पहिल्यांदाच तोंड उघडलं,
"मी मांडू सभेत?"
"तू नको," सुगावारा बाई म्हणाल्या. "आम्ही आहोत."

जूनमध्ये, शाळेच्या व्यायामशाळेत, मी ते वाचलं.
गुडघे थरथरत होते; खुर्चीमागे उभी होते म्हणून निभावलं.
हात मोजायला वेळ लागला.
ओनोदेरांचा सगळ्यात शेवटी वर गेला,
बायकोच्या पत्रिकेसकट.

आता नव्या कार्डावर, रक्तदाबाच्या खाली,
बारीक छापलेली एक ओळ असते :
जेवताना समोर कोण असतं?
पुष्कळ जण ती कोरी सोडतात.
आम्ही कोऱ्या कार्डांच्या घरी जातो,
कधी मुळा घेऊन, कधी उगाच.

गेल्या बैठकीत, ओनोदेरा : एक पूर्णांक सहा.
भयंकर. मिझुहोनं कपाळाला हात लावला.
मी तो आकडा लिहिला
आणि खाली दोनदा रेघ ओढली.